सुभेदारांच्या खांद्यावरचा हात

१३ सप्टेंबर, शनिवार

हार्लेम! परतीच्या ट्रेनमध्येच लिहितेय. अक्षर हलतंय, हलू दे.

ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाची चित्रं. एकोणिसाव्या शतकातली. नेदरलँड्सच्या दक्षिणेतल्या आमच्या फेल्डहोवनपासून एवढ्या लांब जाऊन तीन खोल्यांचं प्रदर्शन — स्नेहल म्हणाली, "ताई, यू आर सो वीअर्ड." असेन! पहिल्या खोलीत शिरले आणि उभीच राहिले. मोठमोठे कॅनव्हास. डोंगर, धूर, मागे समुद्राची एक पट्टी. आणि ती माणसं — पांढरेशुभ्र चुण्याचुण्यांचे घागरे, कमरेला खोचलेली पिस्तुलं, मिशा, डोक्याला गुंडाळलेलं फडकं. कोणी शपथ घेतंय, कोणी मरतंय, कोणी घराकडे शेवटचं बघतंय. सगळंच जरा जास्त. ड्रामा! आणि तरी त्याच खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

गाईड सांगत होती, यातले बरेच चित्रकार म्युनिकमध्ये शिकले. युद्ध कधीच संपलेलं, आणि हे जर्मनीतल्या स्टुडिओत मॉडेलला कपडे घालून लढाई काढतायत! खरे लढणारे म्हणे पाऊस लागू नये म्हणून घागऱ्याला चरबी चोळायचे. म्हणजे पांढरे कसले, काळेकुट्ट असणार.

शेजारचे एक डच आजोबा पुटपुटले, "फार स्वच्छ आहेत सगळे." मी हसले. पण मग वाटलं, चित्रकाराला काय माहीत नसेल? माहीत असून त्याने धुऊन काढले. घरचं माणूस लांबून आलं की आपण आधी आंघोळीला पाठवतो ना — तसं.

एक गंमत. या लोकांना मी ओळखते असं सारखं वाटत होतं. कुठून पण?

कॅटलॉग घेतला. जडच्या जड. घरी जाऊन निवांत बघीन.


१४ सप्टेंबर, रविवार

बाबा आजही सोफ्यावर.

मार्चपासून कंपनीत जात नाहीत. आई ओढून हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, घेऊन गेली, आणि त्या डॉक्टरीणबाईंनी लगेच सांगून टाकलं — बर्नआउट. इथे लोक हा शब्द सर्दी-खोकल्यासारखा वापरतात. आमच्या घरात तो कोणी मोठ्याने म्हणत नाही. पुण्याच्या फोनवर आई सांगते, "श्यामकांत घरूनच काम करतायत सध्या." कंपनीचे डॉक्टर म्हणाले, जे आवडतं ते करा. बाबांना काय आवडतं ते बाबांनाच आठवत नाहीये. मागच्या बागेच्या कुंपणाकडे बघत बसतात.

जेवताना मी हार्लेमचं सांगत होते. हातवारे, आवाज, सगळं. पिस्तुलांचं सांगितलं आणि बाबा एकदम म्हणाले, "आपल्या सुभेदारांकडेही आहे पिस्तूल."

आईचा चमचा हवेत राहिला. आठवड्यातलं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य!


१७ सप्टेंबर, बुधवार

आयडिया!!

मी शनिवारी ज्या छोट्या म्युझियममध्ये मदत करते, तिथे मार्लेइन — ती तिथली क्युरेटर — 'सोबत आणलेलं' नावाचं प्रदर्शन लावतेय. इथे बाहेरून राहायला आलेल्या लोकांनी आपापल्या घरातली एकेक वस्तू द्यायची आणि उद्घाटनाला त्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं. मी सरळ सुभेदारांचं नाव दिलं. आणि बोलणारा माणूस — बाबा!

सुभेदार म्हणजे आमचे मूळपुरुष. जिन्यासमोरच्या भिंतीवर असतात. आमच्या खिडकीला पडदा नाही, त्यामुळे रस्त्यावरून सायकलने जाणाऱ्यांनाही दर्शन होतं. छापील चित्र आहे, काळपट झालेलं. कराडहून पुण्याला, आणि पुण्याहून बाबांच्या केबिन बॅगेत शालीत गुंडाळून इथे. मिशा, घारे डोळे, डोक्याला मंदील, कमरेला तलवार-पिस्तूल, घेरदार पांढरा अंगरखा — मांडीपर्यंत, पुढे फ्रेम. मागे सह्याद्री, कोपऱ्यात जरासा समुद्र.

आणि डावीकडून येऊन खांद्यावर ठेवलेला एक हात. फक्त हात. मनगटाशी चित्र संपतं.

तो भवानीचा. मोहिमेवर निघताना देवीने आशीर्वाद दिला, पण अख्खी देवी दिसण्याएवढं पुण्य कोणाचं असतं? म्हणून नुसता हात. दसऱ्याला सुभेदारांना गंध आणि हाताला हळदकुंकू. काचेवरूनच लावतात, पण कधीतरी काच फुटलेली असताना कोणीतरी थेट कागदावर लावलं असणार. बोटांवर लालसर डाग आहे.

लहानपणापासून इतकं बघितलंय की आता ते दिसतच नाही. जिन्याच्या कठड्यासारखं झालंय.

बाबांना विचारलं. मला वाटलं नाही म्हणतील. ते म्हणाले, "डचमध्ये बोलावं लागेल?"

"इंग्लिश चालेल, बाबा."

"नाही. डचमध्येच बोलतो."


२१ सप्टेंबर, रविवार

घरात दुसरेच बाबा आलेत.

सकाळी माझ्याआधी उठून डायनिंग टेबलवर कागद पसरून बसले होते. "डामेस एन हेरेन" — म्हणजे सभ्य स्त्री-पुरुषहो — असं आरशासमोर म्हणून बघतात. स्नेहल उच्चार सुधारते, ते तिचा गालगुच्चा घेतात, ती ओरडते. अकरा वर्षांत यांनी शेजाऱ्याला गुडमॉर्निंगसुद्धा डचमध्ये केलं नव्हतं!

भुवईवरच्या व्रणाला ते 'वसईचा घाव' म्हणतात. पिस्तूल फिरंग्याकडून हिसकावलेलं. सगळं लिहून काढलंय. पोळ्या लाटत ऐकणाऱ्या आईने विचारलं, "अहो, दोनच मिनिटं आहेत ना?"

मग ते वाटणीवर घसरले. आमचे आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ — कराडला घराची वाटणी झाली तेव्हा थोरल्या आजोबांचा हट्ट, प्रत्येक गोष्ट निम्मी-निम्मी. पितळी डब्यांची झाकणं एकाकडे, डबे दुसऱ्याकडे! "जात्याची वरची तळी त्यांना, खालची आम्हाला," बाबा म्हणाले. "पीठ कोणालाच दळता येईना. पण माघार कोण घेणार?" आणि हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आणि शैलेंद्रकाका?" मी विचारलं. थोरल्या आजोबांचा मुलगा. बाबांच्याच वयाचा.

"शैल्या? आम्ही मधल्या अंगणात खेळायचो. घरात जायची परवानगी नव्हती. ना मला त्यांच्या, ना त्याला आमच्या."

मग हसणं थांबलं. आजोबा गेले तेव्हा काका आले नाहीत. तेव्हापासून बोलणं बंद. आता तिथे घरही नाही, अंगणही नाही, फ्लॅट झालेत. भांडायला जागा उरली नाही पण भांडण आहे.


२४ सप्टेंबर, बुधवार

कॅटलॉग उघडला. आमचे सुभेदार आत आहेत.


२५ सप्टेंबर, गुरुवार

काल पुढे लिहवलंच नाही.

पानभर रंगीत चित्र. हार्लेमला हे आलंच नव्हतं, फक्त पुस्तकात आहे. नाव — 'निरोप'. चित्रकाराचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही. माणूस आमचाच. त्याच मिशा, तेच घारे डोळे, भुवईवर तोच 'वसईचा घाव'! मंदील म्हणजे लाल टोपीवर गुंडाळलेला रुमाल. अंगरखा म्हणजे घागरा. सह्याद्री म्हणजे ग्रीसमधला कुठलातरी डोंगर. आणि खाली पायपण आहेत. जोड्यांवर हे एवढाले गोंडे!

आणि हाताला बाई आहे.

डाव्या बाजूला उभी. तरुण. तिच्या पाठीला लांब बंदूक. एका हातात काडतुसांची पिशवी, दुसरा त्याच्या खांद्यावर. आशीर्वादबिशीर्वाद काही नाही. बायको की बहीण, कॅटलॉगवाल्यांनाही माहीत नाही. ती त्याला सोडतेय की धरून ठेवतेय, तेही कळत नाही. तो बाहेर बघतोय, ती त्याच्याकडे. चित्रात तीच एकटी अशी आहे की जिला आपल्याकडे कोणी बघतंय हे माहीत नाही.

तळटीप: या चित्राच्या रंगीत छापील प्रती जर्मनीत निघाल्या, स्वस्त होत्या, जहाजांनी लांबलांबच्या बंदरांत गेल्या.

मुंबई बंदर. तिथून कोणीतरी पणजोबा-खापरपणजोबा. दुकानात लटकलेला एक रुबाबदार माणूस बघून त्यांना काय वाटलं असेल? 'आपले सुभेदार असेच दिसत असणार' — असं? मग घरी आणलं, आणि 'असेच' मधला 'च' पुढच्या पिढीपर्यंत 'हेच' झाला.

मला एकीकडे इतकं एक्सायटिंग वाटतंय! मी स्वतः शोधून काढलं! आणि दुसरीकडे, खालून आवाज येतोय —

"डामेस एन हेरेन, डिट इस माइन फोरफादर."

माझा पूर्वज. स्नेहल सुधारतेय, "बाबा, फोरवादर. 'व' आणि 'फ'च्या मधलं."


२६ सप्टेंबर, शुक्रवार

सांगितलं नाही.


२७ सप्टेंबर, शनिवार

आईला सांगितलं. आल्बर्ट हाइन सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, पिशव्या सायकलला अडकवताना. फोनवर चित्र दाखवलं.

तिने ते बोटांनी मोठं करून बघितलं. मग म्हणाली, "वाटलंच होतं मला."

"काय??"

"लग्नानंतरचा पहिला दसरा. सासूबाईंनी ताट हातात दिलं, लाव म्हणाल्या गंध. मी वर बघितलं आणि मनात आलं, हा काही आपल्यातला दिसत नाही बाई. एवढ्या चुण्यांचा अंगरखा कोण घालतं? पण नव्या सुनेनं असं बोलायचं असतं का? आणि नंतर मी जुनी झाले, तोवर तोही घरचाच झाला."

"आई! एवढी वर्षं?"

"एवढी वर्षं परपुरुषाला गंध लावतेय," असं म्हणून ती जी हसायला लागली! बटाटे सांडले. एक डच बाई उचलून द्यायला आली.

मग गंभीर झाली. "चारुता, आत्ता नको सांगूस. मार्चनंतर पहिल्यांदा हा माणूस उठून बसलाय. कार्यक्रम होऊ दे."

"पण ते सगळ्यांसमोर खोटं बोलतील गं. त्यांना माहीत नसताना. आणि मला माहीत असताना!"

"खोटं कुठे? त्यांच्यासाठी खरंच आहे."




२८ सप्टेंबर, रविवार

म्युझियममध्ये फ्रेम उघडायला चित्र नेलं. बाबांनी बजावून सांगितलं, "दसऱ्याला घरी पाहिजे!"

मार्लेइनने हातमोजे घालून मागचे खिळे काढले. चित्राचा खालचा भाग मागे दुमडलेला निघाला. उलगडला — गोंड्यांचे जोडे! आणि छापलेली जर्मन अक्षरं, अर्धीच. म्हणजे घरातल्या कोणीतरी ते जोडे बघितले आणि मागे दुमडून टाकले. फ्रेमसाठी की लाजेखातर? कोण होता तो? मला त्याला भेटायचंय!

डावी कड मात्र दुमडलेली नव्हती. कापलेली होती. मार्लेइन म्हणाली, "पट्टी लावून, धारदार पात्याने. घाईत नाही कापलं, मोजून कापलंय."

मी तिला सगळं सांगून टाकलं. ती खुर्चीवरून उठलीच. "पण हे तर कितीतरी सुंदर आहे!" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून खाली बसली. पाटी छापून तयार आहे: 'मराठा अधिकारी, अठरावं शतक. कुटुंबाचा मूळपुरुष.' म्हणाली, "पाटी मी बदलू शकते. पण सांगणारी मी नाही. गोष्ट तुझ्या बाबांची आहे. त्यांनी ठरवायला हवं, आणि ठरवायला आधी त्यांना कळायला हवं."

डच लोक असे सरळ बोलतात की राग पण येतो आणि पटतंही.

तिने विचारलं, चित्र कोणी विकत घेतलं, घरात अजून कोणाला माहीत असेल? कोणाला असणार! मग घरी येऊन एक काम केलं. शैलेंद्रकाकांची मुलगी श्रुती इन्स्टावर सापडली. कधी भेटलेलो नाही. तिला लिहिलं, "मी चारुता, श्यामकांतची मुलगी. आमच्याकडे सुभेदारांचं चित्र आहे. त्याबद्दल तुमच्या घरात कोणाला काही माहीत आहे का?"

आईला सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच.


२ ऑक्टोबर, गुरुवार — दसरा

झेंडू मिळाला, आपटा नाही. दरवर्षीसारखी आईने बागेतून लिंडनची पानं आणली. हृदयासारखी दिसतात, चालवून घेतो.

पूजेला: स्नेहलचं गणिताचं कॅल्क्युलेटर, आईचा लॅपटॉप, सायकलचा पंप, बाबांचा स्क्रूड्रायव्हरचा सेट. बाबांचा ऑफिसचा लॅपटॉप नाही. कोणी विचारलं नाही.

सुभेदार मधोमध. नवी काच. मार्लेइनने जोडे परत दुमडून दिलेत, मीच सांगितलं होतं तसं.

बाबांनी ताट माझ्यापुढे केलं. "या वर्षी तू लाव, चारू. यांना जगासमोर तू नेतेयस."

गंध लावलं. मग कुंकवाची चिमूट घेऊन त्या हातापर्यंत गेले आणि थांबले. मला ती दिसत होती. फ्रेमच्या बाहेर, भिंतीवर, स्विचबोर्डच्या जागी — पाठीला बंदूक, त्याच्याकडे बघणारी. कुंकू लावलं. देवी म्हणून नाही लावलं. तिला लावलं.

बाबा हात जोडून उभे. ओठ हलत होते. काहीतरी मागत होते. किती मनापासून!

आई माझ्याकडे बघत होती.

नाही. हे असं नाही चालणार.


५ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं.

सायकलवर. समोरासमोर बसून जमलं नसतं. शेजारी शेजारी चालवताना डोळ्यांत बघावं लागत नाही. कालव्याच्या कडेच्या बाकावर थांबलो, कॅटलॉग बॅगेतून काढला आणि पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. भाषण तयार केलं होतं. त्यातलं एक वाक्यही बोलले नाही.

बाबांनी चष्मा काढला. पुसला. घातला. बोट त्या भुवईवर ठेवलं.

"तिकडे काय नाव आहे याचं?"

"नाव नाहीये, बाबा. मॉडेल असणार. स्टुडिओत उभा केलेला."

"म्हणजे तिकडेही हा कोणाचा नाही?"

"तिकडे... तिकडे बहुतेक सगळ्यांचा असेल. ही चित्रं घराघरांत लागली म्हणे. ज्यांच्या घरातल्यांचं चित्र कोणी काढलंच नव्हतं, त्यांनी लावली."

मान हलवली. मग बोट डावीकडे गेलं. बाईच्या हातावर. हातावरून मनगटावर, कोपरावर, खांद्यावर, चेहऱ्यावर. हळूहळू, रस्ता शोधत गेल्यासारखं.

"ही कोण?"

"माहीत नाही."

पान मिटलं. "तुला कधी कळलं?"

"दसऱ्याच्या आधी."

बस्स. मग सायकल चालवत घरी. माझ्या पुढे. एकदाही मागे न बघता.


६ ऑक्टोबर, सोमवार

सोफा. कुंपण.


७ ऑक्टोबर, मंगळवार

आज पण तेच. टेबलावरचे कागद गेले. स्नेहलने दुपारी विचारलं, "सो आपण ग्रीक आहोत?" आईने तिच्याकडे असं बघितलं की ती सॉक्सवरच बाहेर पळाली.

आई मला काही म्हणत नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

श्रुतीने मेसेज बघितलाही नाही.


८ ऑक्टोबर, बुधवार

मार्लेइनला कळवलं: बहुतेक येणार नाही आम्ही. ती म्हणाली, जागा ठेवते, कोरी पाटी लावते.

मी हे का केलं? खरं सांगायचं म्हणून, की मी शोधून काढलं हे सांगायचं म्हणून? दोन्ही होतं. वेगळं नाही करता येत.

ती चित्रं पुन्हा बघत बसले. हार्लेमला मला वाटलं होतं की हे सगळं किती खोटं आणि तरी किती खरं वाटतं! कलेबद्दल असं म्हणायला मजा येते. माझ्या बाबांबद्दल म्हणायला येत नाहीये.


१० ऑक्टोबर, शुक्रवार

संध्याकाळी कॉलेजातून आले तर बाबा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. सुभेदारांसमोर. मला वाटलं उठून जातील. सरकून जागा केली. मी बसले.

"मार्चमध्ये त्या दिवशी मी दुपारीच घरी आलो," ते म्हणाले. "मीटिंगमधून उठून सरळ सायकल काढली. तुम्ही कोणी नव्हतात. मी इथेच बसलो होतो. अंधार पडेपर्यंत."

मला माहीतच नव्हतं हे. आईलाही नसेल.

"याच्याशी बोललो. मोठ्याने. म्हटलं, मला जमत नाहीये. बाबा असते तर त्यांना म्हणालो नसतो. तुझ्या आईलाही नाही म्हणालो." थांबले. "हा कुठला आहे, असं तेव्हा मी विचारलं नाही. आणि त्याने ऐकलं."



"ते जोडे," बाबा म्हणाले, "तू म्हणत होतीस ना आईला, मागे दुमडलेत. बघू."

आम्ही दोघांनी फ्रेम उतरवली. त्यांच्या पूजेतल्या स्क्रूड्रायव्हरने खिळे काढले. ते गोंडे बघून बाबा हसले. नीट, पोटातून. "अरे, हे घालून लढायचे?"


११ ऑक्टोबर, शनिवार

बाबा बोलले.

पांढरा झब्बा, वर इथलं जाड जॅकेट. हातात कागद नाही. म्युझियममध्ये तीसेक लोक. आमच्या आधी एका सुरिनामी आजींचा रेडिओ झाला, एका सीरियन मुलाची किल्ली. मग सुभेदार. जोड्यांसकट! मार्लेइनने सकाळी पाय दिसतील अशा मोठ्या फ्रेममध्ये बसवून दिले. डावी कापलेली कड पण उघडी.

बाबांचं डच थोडंसंच आहे. मोठी वाक्यं येत नाहीत, त्यामुळे लपायला जागा नसते. जसं आठवतंय तसं लिहिते:

"हा माझा पूर्वज आहे, असं मी सांगणार होतो. तो नाही. माझ्या मुलीनं मला मागच्या रविवारी सांगितलं. मला राग आला. तो ग्रीक आहे. तो आमच्या घरी चुकून आला. त्याला आम्ही जेवण दिलं नाही, फुलं दिली. शंभर वर्षं. मीही इथे आलो आहे. मला कधी कधी वाटतं, मीही चुकून आलो. मी सध्या आजारी आहे. मला बर्नआउट आहे."

म्हणाले! मोठ्याने! आईने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

"याच्या खांद्यावर एक हात आहे. आम्ही म्हणायचो देवी. ती देवी नाही, एक बाई आहे. तिला आमच्याच घरातल्या कोणीतरी कापलं. का, माहीत नाही. तिचा हात आमच्याकडे आहे. ती नाही. याचं मला वाईट वाटतं. धन्यवाद."

टाळ्या. ती सुरिनामी आजी पुढे येऊन बाबांचे दोन्ही हात धरून काय काय बोलत राहिली. बाबांना अर्धं कळलं नाही, ते डचमध्ये "या, या" — हो, हो — म्हणत होते.

रात्री जेवताना आई म्हणाली, "अहो, पुण्याला फोन करते उद्या. सांगते खरं काय ते." बाबा म्हणाले, "सांग. आणि भात वाढ."

सगळं संपलं असं वाटून झोपते. जिन्यासमोरची भिंत रिकामी आहे. चौकोनी पांढरी खूण, बस्स.


१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी श्रुतीचा मेसेज. "सॉरी, आत्ता बघितलं! सुभेदारांचं काही माहीत नाही. पण आमच्याकडेही एक जुनं चित्र आहे, आम्ही तिला थोरल्या आई म्हणतो. नवरात्रात ओटी भरतो. हा फोटो."

काच, हार, खण-नारळ. पाठीला बंदूक असलेली बाई. कुंकवाने कपाळ भरलेलं. पुढे केलेला उजवा हात, आणि मनगटाशी फ्रेम.

"थोरल्या आईंचा हात कुठे गेला, ते आमच्यात कोणालाच माहीत नाही."

फोन बाबांपुढे धरला. बघितलं. बोट त्या बाईच्या मनगटावर ठेवलं. मग म्हणाले, "जात्यासारखंच केलं. वरची तळी त्यांना, खालची आम्हाला."

मग — "चारू, त्या पोरीला विचार. शैल्याचा नंबर काय आहे."